मागच्या दोराचा माणूस

मंगळवार, ९ ऑगस्ट १९६०. दक्षिणेचा वारा, बोचरा. सकाळच्या प्रार्थनेनंतर धाकट्या दिराच्या बैलगाडीतून पूर्वेच्या खाडीवर गेले. मे महिन्यातल्या लाटेनंतर पहिल्यांदाच. पूर्वजांच्या पुतळ्यांच्या चौथऱ्यावरचे दगड लाटेने पार आत, शेतांत नेऊन टाकले आहेत. कुंपणाच्या तारेत अजून माशाचा काटा अडकलेला दिसला. येताना जाऊबाईंकडे थांबलो. त्यांनी अंडी दिली, एक वाटेत फुटले. दुपारी गुडघे दुखू लागले म्हणून घरातच बसून बेटावरच्या जुन्या काळातल्या तावाकेची हकिकत लिहायला घेतली. आजेसासूबाई सांगत असत तशीच. बरेच दिवस राहून गेली होती.

तावाके जन्मला तो दगडाच्या भुकटीतच. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा ती खाणीच्या डोंगराखाली उमू, म्हणजे जमिनीतली भट्टी, उकरून कोरक्यांसाठी भाजलेली रताळी काढत होती. पोर बाहेर आले, रडले, आणि वर छिन्न्यांचा आवाज चालूच राहिला. त्या डोंगरात कुणासाठी काम थांबत नसे. जन्मासाठी नाही आणि मरणासाठीही नाही.

मरणाचे त्याला लवकरच कळले. मोआई, म्हणजे पूर्वजाचा दगडी पुतळा, डोंगरातच उताणा कोरतात. नाक, हनुवटी, पोटावर ठेवलेले हात असे सगळे झाले की पाठीखाली होडीच्या कण्यासारखा दगडाचा एक कणा तेवढा उरतो. तो शेवटी तोडायचा, आणि पुतळा दोरांवर तोलून डोंगराखाली उतरवायचा. तावाकेचा बाप पाठीखाली वाकून तो कणा तोडत होता. वरच्या दोरवाल्यांनी खुंटाला वेढे कमी घेतले होते. कणा तुटला, दोर सुटले, आणि पुतळा बापाच्या कमरेवरून गेला व पुढे कपारीत अडकून राहिला. बाप दुपारपर्यंत शुद्धीवर होता. कमरेखाली काही उरले नव्हते, पण तोंड शाबूत होते.

"वेढे किती घेतले होते रे, रताळतोंड्यांनो?" तो विचारत राहिला. "मोजता येत नाही तर बायकांना तरी विचारायचं!"

दोरवाले खाली मान घालून उभे होते. बाप शिव्या देत देतच गेला. कोरके परत आपापल्या जागी गेले. त्या रात्री आईने तावाकेला जवळ घेतले नाही की कुरवाळले नाही. एवढेच म्हणाली, "तुझा बाप छिन्नीनं नाही मेला. दोरानं मेला. तू दोर शीक."

तो दोर शिकला. हाऊच्या झाडाची साल समुद्रात कुजत घालायची, धुवायची, उन्हात वाळवायची आणि मांडीवर वळायची. वळून वळून त्याच्या उजव्या मांडीवरची लव गेली आणि कातडे माशाच्या शेपटीसारखे राठ झाले. दोर चांगला की वाईट हे तो चावून सांगत असे. पण त्याचे खरे काम वाटेवर होते. मोआई निजून जात नाही, उभा चालतो. बूड असे तासलेले असते की तो किंचित पुढे झुकलेला राहतो, वाऱ्याविरुद्ध चालणाऱ्या माणसासारखा. डोक्याला डावा आणि उजवा असे दोन दोर. डावी टोळी ओढते तेव्हा त्याची एक बाजू उचलून पुढे सरकते. मग उजवी ओढते. गाणारा पुढे चालत ताल धरतो. आणि पाठीमागे आणखी एक दोर असतो, तो ओढायचा नसतो. धरायचा असतो. पावलागणिक वीतभर सोडायचा आणि लगेच आवळायचा, म्हणजे तो तोंडावर पडत नाही.

पुढचे सगळे गात असत. मागचा दोर धरणाऱ्याने गायचे नाही. गायला की श्वास सुटतो आणि श्वासाबरोबर हात. पुतळा नीट पोचला तर वाहवा गाणाऱ्याची. पडला तर शिव्या मागच्या दोराला. आणि पडलेला मोआई पुन्हा कुणी उचलत नाही. जिथे पडला तिथे तो आणि त्याच्याखालचा माणूस, दोघेही राहतात.

तावाके मोठा कडू माणूस झाला. मागच्या दोरावरचा एक जण चालता चालता पेंगला, तेव्हा त्याने त्याच दोराचा वेढा त्याच्या गळ्यात टाकून त्याला वाटेवरून फरफटत नेले. माणूस मेला नाही, पण पुढे त्याचा आवाज कधी धड निघाला नाही. कुणी काही बोलले नाही, कारण तावाकेच्या दोरावर तोवर एकही मोआई पडला नव्हता. बायको बाळंतपणात गेली होती. मागे राहिली ती मुलगी, केना. दोरांच्या वेटोळ्यांत निजून वाढलेली. त्याला कुणी घाबरत नसे तर ती एकटी.

"कोरो," ती बापाला, वडीलधाऱ्यांना म्हणतात तशी हाक मारून, म्हणायची, "तुम्ही हसलात ना, तर डोंगरावरचे सगळे मोआई घाबरून आपणच चालू लागतील. दोर वळायचं काम वाचेल."

पूर्वेच्या खाडीतल्या लोकांनी आपल्या पूर्वजाचा मोआई कोरून घेतला, तेव्हा मागचा दोर अर्थातच तावाकेकडे आला. शेवटच्या उतारावर उजवा दोर तुटला. तुटलेले टोक सापासारखे मागे आले आणि एका माणसाचा गाल व डोळा घेऊन गेले. पुतळा पुढे कलला. गाणारा पळाला. डाव्या टोळीतला एक तरुण पाय घसरून नेमका पुतळ्याच्या तोंडाखाली पडला. तावाकेने दोर आपल्या अंगाभोवती घेतला, टाचा जमिनीत रोवल्या आणि मागे पडला. दोर त्याच्या हातांतून गेला तो कातडे आणि मांस घेऊन गेला. शेजाऱ्याचा खांदा खोबणीतून निखळला; तो डुकरासारखा ओरडत होता पण दोर सोडत नव्हता. पुतळा थांबला. खाली पडलेल्या तरुणाच्या छातीवर त्याची सावली होती, तो स्वतः नव्हता. तावाकेने हात उघडून पाहिले, तर डाव्या हाताची दोन बोटे दोराच्या पिळातच राहिली होती.

तो तरुण म्हणजे खाडीच्या मुख्याचा धाकटा मुलगा, पोऊ. जखम भरत आल्यावर तो काखेत कोंबडा घेऊन आला.

"कोरो, माझ्यापायी तुमची दोन बोटं गेली."

"गेली ती गेली. कोंबडा असा दाबू नकोस, मरेल. इकडे दे."

"बापानं विचारलंय, आणखी काय पाहिजे?"

दाराआडून केना म्हणाली, "दोन बोटांना एक कोंबडा! उद्या कोरोंचा पाय गेला तर अंडं देतील."

पोऊ हसला. त्याच वर्षी केना त्याच्या घरी नांदायला गेली.

मुख्याने आणखी एक मान तावाकेला दिला: चौथऱ्यावर उभ्या केलेल्या पूर्वजाला डोळे बसवण्याचा. डोळे नाहीत तोवर मोआई नुसता दगड. पांढरे पोवळे आणि मधली तांबडी बाहुली खोबणीत बसली की तो पूर्वज होतो, समुद्राकडे पाठ करून आपल्या माणसांकडे बघू लागतो. त्याच्या नजरेसमोरच्या अंगणात रक्त सांडायचे नाही. सांडले तर सांडणाऱ्याची आतडी कुजतात. आणि ज्या हाताने डोळे बसवले, त्याच हाताने ते काढता येतात. दुसऱ्याने हात लावला तर त्याचे कूळ बुडते. हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होते. पूर्वेकडच्यांना, पश्चिमेकडच्यांना, सगळ्यांना. तावाके तीन बोटांच्या हाताने वर चढला, डोळे ठोकून बसवले आणि पुतळ्याच्या बुडाच्या पुढच्या कडेखाली पाचरीचे चपटे दगड स्वतः सारून त्याचा तोल नीट केला. खाली उतरला तेव्हा म्हातारा मुख्य रडत होता.

पुढे वाईट वर्षे आली. झाडे संपली होती. होड्या कुजल्या, नव्या बांधायला लाकूड नव्हते. पाऊस चुकला. खाणीतल्या छिन्न्या थांबल्या. अर्धवट मोआई डोंगरात तसेच पडून राहिले आणि कोरक्यांना खायला घालायला कुणी येईना. रताळ्यांच्या शेतांवरून पूर्व आणि पश्चिम एकमेकांच्या उरावर बसले. आधी पूर्वेकडच्यांनी पश्चिमेची घरे जाळली आणि पळणाऱ्यांना समुद्रात रेटून दगडांनी मारले. त्यात माकोई नावाच्या माणसाचा भाऊ होता. त्याचे डोके खडकावर इतके ठेचले होते की आईने त्याला पायावरच्या गोंदणावरून ओळखले. मग माकोई पश्चिमेच्या लढवय्यांचा म्होरक्या झाला. काळ्या काचदगडाची पाती लावलेले भाले घेऊन तो पूर्वेकडे निघाला आणि वाटेतल्या एकाही गावात त्याने माणूस शिल्लक ठेवला नाही.

तावाके खाणीखाली एकटाच रताळी लावून राहत होता. तो ना या बाजूचा, ना त्या बाजूचा. एका सकाळी माकोईची माणसे आली आणि त्याला वेलींतून ओढून काढले.

"चला, कोरो. लेकीच्या घरी जायचंय," त्यांतला एक जण म्हणाला.

"भाल्यांसकट?"

"पाहुणचार म्हणून नेतोय."

वाटेवर प्रेते होती. काचदगडाची जखम रुंद असते. माणूस उघड्या पोटाने पडलेला असतो. एका विहिरीपाशी एक बाई बसल्यासारखी होती. तावाकेने तिला हाक मारली, मग त्याच्या लक्षात आले की तिच्या धडावर डोके नाही.

खाडीवर पोचल्यावर त्याला सगळे दिसले. पूर्वेकडचे उरलेसुरले लोक पूर्वजाच्या समोरच्या अंगणात एकमेकांना चिकटून बसले होते. अंगणाच्या कडेला दगडांची ओळ, आणि ओळीबाहेर माकोईची माणसे. ओळ ओलांडायची कुणाची छाती नव्हती. आदल्या दिवशी एका तरण्याने भाला घेऊन पाऊल आत टाकले होते; त्याला तिथेच ओकारी झाली आणि त्याच्याच सोबत्यांनी त्याला पाय धरून बाहेर ओढले. आत अन्न नव्हते. किनाऱ्यावरचे मचूळ पाणी तेवढे होते.

"तुम्ही लावले, तुम्हीच काढा," माकोई म्हणाला. त्याने वर पुतळ्याकडे पाहिलेही नाही. "डोळे निघाले की तो दगड. दगडासमोर माणसाला काय वाटेल ते करता येतं."

"माझी मुलगी आत आहे."

"ती एक तुमची. घेऊन जा."

"आणि जावई?"

"माझ्या भावाचं डोकं कुणी ठेचलं, ते त्याला विचारा."

"नाही काढले तर?"

"तर तुम्हाला इथं सोलतो, तिला दिसेल असं. आणि हे उपाशी मरेपर्यंत बसतो. मला घाई नाही."

तावाकेने पुतळ्याच्या बुडाकडे पाहिले. मग म्हणाला, "चढायला दोर लागेल. लांब."

त्यांनी दोर आणून दिला. त्याने तो चावून पाहिला आणि थुंकला. "असल्या दोरावर तुमची आई चढेल. दुसरा द्या." माकोईची माणसे हसली. चांगला दोर आला, आणि डोळे काढायला हातोडा-छिन्नीही.

दोर खांद्यावर टाकून तो अंगणात शिरला. केनाने त्याला पाहिले. तिचे ओठ फुटले होते.

"रिकाम्या हातानं आलात लेकीच्या घरी? एक रताळंही नाही?"

"दोर आणलाय."

"खाऊ का आता तो?"

मग त्याने तिला, पोऊला आणि म्हाताऱ्या मुख्याला जवळ बसवून हळू आवाजात सांगितले. डोळे काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. डोळे निघाले की ते सगळे आत घुसणार, सरळ पुतळ्याच्या पायाशी येणार. पुतळा आधीच पुढे झुकलेला. पुढच्या कडेखालच्या पाचरी काढल्या तर त्याला फक्त एक मागचा दोर धरून ठेवील. तो दोर समुद्राच्या बाजूला, चौथऱ्याच्या आडून सगळ्यांनी धरायचा. आणि हाक आली की सोडायचा.

म्हाताऱ्या मुख्याने त्याच्याकडे असे पाहिले, जणू त्याने थोबाडीत मारली होती. "त्यानं आम्हाला सांभाळलं. आम्ही त्याला पाडायचा?"

"डोळे काढल्यावर तो कोण असतो? तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्याने वर पुतळ्याकडे पाहिले.

"दगड असतो. मी उभा जन्म दगड सांभाळले. दगडाला कसली लाज वाटत नाही."

मुख्याने सालीचे वस्त्र डोक्यावरून ओढून घेतले आणि तोंड फिरवले. तोच होकार.

लोक उठून चौथऱ्यामागे जाऊ लागले. ओळीबाहेरून हुर्यो उठली: "लपा, लपा! आजोबांच्या ढुंगणामागे लपा!" तावाकेने दोर पुतळ्याच्या मानेत टाकला, एक टोक पुढे, चढायला, लांब टोक मागे. पाठीमागे जाऊन त्याने चौथऱ्याच्या एका धोंड्याला वेढे घेतले, मोजून, बापाने विचारले असते तर सांगता येईल असे. टोक केनाच्या हातात दिले. तिच्यामागे पोऊ, मग बाकीचे, बायका आणि पोरे.

"ओढायचा नाही. धरायचा. मी सोड म्हटलं की वेढे उलगडायचे आणि सोडायचा."

"आणि तुम्ही उतरणार कसे?" केनाने विचारले.

"आधी चढू तर दे."

"कोरो."

"वेळ नाही."

"मी नाही सोडणार."

"मग पोऊला पुढं घे."

"त्याला साधी गाठ मारता येत नाही," ती म्हणाली, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळले. पोऊने मान डोलावली. ते खरे होते.

तावाके पुढे आला. हातोड्याने पाचरीचे दगड एकेक करून काढले. "पाय ठेवायला घेतोय," तो ओरडून म्हणाला आणि ते एकावर एक रचले. शेवटची पाचर निघाली तेव्हा पुतळा आतून करकरला आणि दोर ताठ झाला. मग तो चढला. म्हातारा माणूस, तीन बोटांचा एक हात. पुतळ्याच्या छातीवर पोट घासत, कानाला धरून. डावा डोळा काढून त्याने खाली टाकला. ओळीबाहेर कुणी श्वासही घेत नव्हते. उजवा डोळा घट्ट बसला होता. तो त्याने स्वतःच बसवला होता. त्याने छिन्नी मारली, पुन्हा मारली. पोवळे फुटून निघाले.

तेव्हा ते आत घुसले. सगळे एकदम, माकोई सर्वांत पुढे. इतके दिवस दाबून धरलेली भीती त्यांच्या घशातून बाहेर पडत होती. अंगण पायांनी भरून गेले. पहिला भाला तावाकेच्या मांडीत शिरला, दुसरा कुशीत. तो पुतळ्याच्या मानेला मिठी मारून राहिला. अजून पुरेसे जवळ आले नव्हते. माकोईने चौथऱ्याच्या पायरीवर पाय ठेवला, वर पाहिले, आणि काढलेल्या पाचरी त्याला दिसल्या.

"सोड!" तावाके ओरडला.

दोर सुटला नाही. केनाच्या मुठी दोरावरून निघत नव्हत्या.

"सोड गं, रताळतोंडे!"

केनाने वेढे उलगडले.

पुतळा सावकाश पडत नाही. लोक तसे समजतात. तो एकदम पडला. जमीन हादरली, धूळ उडाली आणि तिच्यातून आवाज आले ते माणसांचे वाटत नव्हते. मान पायरीच्या धोंड्यावर आपटून तुटली. डोके घरंगळत दोघा-तिघांवरून गेले. माकोई छातीपर्यंत दगडाखाली होता. तोंडातून रक्त येत होते आणि तो काहीतरी सांगू पाहत होता. पोऊ चौथऱ्यावरून उडी मारून आला आणि हातातल्या वल्ह्याने त्याने ते बोलणे संपवले. मग सगळेच उतरले. बायकांच्या हातांत दगड होते. पडलेल्यांना त्यांनी जिथल्या तिथे मारले, पळणाऱ्यांना ओळीपर्यंत मारले आणि ओळीबाहेरही मारले. शरण आलेल्या एकालाही सोडले नाही. त्या अंगणात आजवर रक्त सांडले नव्हते. त्या दिवशी ते पायांना चिकटत होते. हे आम्ही लपवत नाही. आजेसासूबाईही लपवत नसत.

तावाके पुतळ्याच्या छातीखाली होता. बाहेर राहिला होता तो डावा हात. केनाने तो धुतला आणि त्याच्यावर माती घातली. पडलेला मोआई कुणी उचलत नाही, म्हणून बापाला बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता.

काही दिवसांनी पश्चिमेकडून एक म्हातारी एकटीच आली. माकोईची आई. ओळीबाहेर उभी राहून म्हणाली, "माझे दोन्ही गेले. एकाला तुम्ही खडकावर टाकलात. हा कुठं आहे तेवढं दाखवा." पोऊने वल्हे उचलले. केनाने त्याला मागे सारले. म्हातारीचा हात धरून तिला दगडापाशी नेले.

"हा इथं. माझाही इथंच आहे," ती म्हणाली.

म्हातारी बसली. संध्याकाळपर्यंत दोघी बसून होत्या. निघताना म्हातारीने विचारले, "आपोआप पडला म्हणतात. रागावून. खरं का?"

खाडीचे लोक तेच सांगत होते. म्हाताऱ्या मुख्याने मरताना तसेच सांगायला बजावले होते, की पूर्वज स्वतः शत्रूवर पडला. त्यात सगळ्यांचीच सोय होती.

"पडला नाही," केना म्हणाली. "मी सोडला."

म्हातारी तिच्याकडे पाहत राहिली, मग आपल्या वाटेने गेली. केना पुढे पुष्कळ जगली. तिला मुले झाली, नातवंडे झाली. कुणीही विचारले तरी ती हेच उत्तर देत असे, तेवढ्याच शब्दांत, आणि मग हातातले काम पुढे करू लागे.

संध्याकाळी पुन्हा वही उघडली. पावसाच्या पाण्याची टाकी खालून गळते आहे. खाली घमेले ठेवले. पीठ उद्यापुरतेच आहे.